अळणीची वाटी : तान्ह्याच्या अन्नाचा एक इतिहास

प्रश्नोत्तरी म्हटली की आपल्यापैकी बहुतेकांना लहानपणी पाठ केलेले धर्मशिक्षणाचे पुस्तक आठवते. परंतु १८९४ मध्ये न्यूयॉर्क येथे एक निराळीच प्रश्नोत्तरी प्रसिद्ध झाली. तिचे कर्ते डॉ. एमेट होल्ट हे तेथील बालरुग्णालयातील नामांकित वैद्य होते. मुलांचे संगोपन आणि आहार या विषयावरचे हे लहानसे पुस्तक त्यांनी आई आणि आया यांच्यासाठी लिहिले आणि त्याच्या उपशीर्षकात प्रश्नोत्तरी हाच शब्द घातला. प्रश्न छोटा आणि उत्तर ठाम, अशी त्याची धाटणी. पुढे कित्येक वर्षे अमेरिकेतील सुशिक्षित माता या पुस्तकावर विसंबून होत्या.

या पुस्तकात तान्ह्या मुलासाठी गोमांसाच्या रसाची कृती दिली आहे. मांसाचा तुकडा विस्तवावर जेमतेम शेकावा, मग तो दाबून पिळावा आणि निघालेला लाल रस चमच्याने मुलाला पाजावा. पिळून उरलेल्या मांसाला त्या वयाच्या मुलाच्या वाटीत जागा नव्हती. हिरव्या भाज्यांनाही पहिले वर्ष उलटून बराच काळ गेल्याखेरीज प्रवेश नव्हता. म्हणजे ज्या घरात रात्रीच्या जेवणासाठी मांस आणि भाजी एकाच पातेल्यात शिजत होती, त्या घरातील तान्ह्या मुलासाठी त्या पातेल्यात जवळजवळ काहीच नव्हते.

रस मुलाला आणि मांस मोठ्यांना, ही वाटणी केव्हा आणि कशी रूढ झाली? ती योग्य होती काय? हा प्रश्न वरवर पाहता स्वयंपाकघरातला आहे, आणि इतिहासाच्या ग्रंथांत स्वयंपाकघराला फारशी जागा मिळत नाही. राजांच्या मेजवान्यांचे तपशील बखरींत सापडतात. मुलाच्या पहिल्या घासाची नोंद कोणी ठेवत नाही. तरीही हा इतिहास आपल्या प्रत्येक घराशी निगडित आहे. म्हणून त्याचा थोडक्यात मागोवा घेण्याचा हा प्रयत्न.

प्राचीनांचे मत

प्राचीन काळी मुलाचे वेगळे अन्न ही कल्पना फार पुसट होती. आईचे दूध दीर्घकाळ चालू राही. मक्काबीच्या दुसऱ्या ग्रंथातील सात पुत्रांची माता आपल्या धाकट्या मुलाला त्याला तीन वर्षे अंगावर पाजल्याची आठवण करून देते. इसहाकाचे दूध तोडले त्या दिवशी अब्राहामाने मोठी मेजवानी दिली, असे उत्पत्तीच्या पुस्तकात सांगितले आहे. दूध तुटणे म्हणजे कुटुंबाच्या पंगतीत येणे. तो घरादाराच्या आनंदाचा दिवस असे.

मात्र दूध तुटण्याच्या आधी मधला एक काळ असतो. दूध चालू आहे, पण ते पुरत नाही, असा तो काळ. त्यात काय द्यावे? इसवी सनाच्या दुसऱ्या शतकाच्या सुमारास रोममध्ये वैद्यकी करणाऱ्या इफेसच्या सोरेनसने याविषयी स्पष्ट लिहून ठेवले आहे. चाळीस दिवसांतच मुलाला धान्याचे अन्न भरवणाऱ्या स्त्रियांना तो दोष देतो. शरीर भरत येईपर्यंत दूधच द्यावे आणि सुमारे सहाव्या महिन्यापासून दुधात किंवा मधाच्या पाण्यात भिजवलेला पावाचा चुरा, पुढे मऊ पेज आणि मऊ उकडलेले अंडे द्यावे, असे तो सांगतो. त्यातला मध आजचे वैद्यक वर्षाच्या आतील मुलाला देऊ देत नाही. पण सहा महिन्यांचा त्याचा हिशेब आश्चर्य वाटावे इतका आजच्याशी जुळतो.

आपल्या देशातही हाच महिना ठरला होता. सुश्रुतसंहितेत सहाव्या महिन्यात मुलाला हलके आणि हितकर अन्न द्यावे असे सांगितले आहे. अन्नप्राशनाचा संस्कार आज आपण खिरीशी किंवा दूधभाताशी जोडतो. परंतु आश्वलायन गृह्यसूत्रात सहाव्या महिन्याच्या या संस्कारासाठी तीन पर्याय आहेत. मुलाला अन्नाची समृद्धी लाभावी अशी इच्छा असेल तर बोकडाचे मांस, ज्ञानाचे तेज लाभावे अशी इच्छा असेल तर तित्तिर पक्ष्याचे मांस, आणि कांती लाभावी म्हणून तूपभात. शांखायन गृह्यसूत्रात चपळाईसाठी मासेही सांगितले आहेत. त्या पर्यायांमागची श्रद्धा बाजूला ठेवली तरी एक गोष्ट उरते. सहा महिन्यांच्या मुलाच्या तोंडाला मांस लावावे यात त्या काळच्या लोकांना काही वावगे वाटत नव्हते.

मुलाला दात नसताना मांस कसे भरवत असतील, असा प्रश्न मनात येईल. जगातील अनेक समाजांत याचे उत्तर एकच होते. आईने किंवा आजीने घास स्वतः चावून मऊ करायचा आणि मुलाच्या तोंडात घालायचा. आज रोगजंतूंच्या ज्ञानामुळे आपण ही रीत टाकून दिली, आणि ते योग्यच झाले. परंतु तिच्यामुळे मुलाचे अन्न घरच्या पातेल्यातूनच येत होते, हे विसरून चालणार नाही.

पेजेचे राज्य

मध्ययुगानंतरच्या युरोपात शहरे वाढली, गरिबी वाढली आणि तान्ह्याच्या वाटीत पेज आली. पीठ किंवा पाव पाण्यात अथवा दुधात शिजवून केलेली खळ, नाही तर पाव रश्शात कुस्करून केलेली लापशी, ही या काळातील मुलांची दोन मुख्य अन्ने. ती भरवण्यासाठी होडीच्या आकाराची खास भांडीही निघाली. युरोपातील संग्रहालयांत ती आजही पाहायला मिळतात. पोट भरे, पण अंगी लागत नसे. शिवाय सकाळी केलेली खळ संध्याकाळपर्यंत आंबून जाई. ज्या मुलांना आईचे दूध नव्हते त्यांच्यापैकी कितीतरी मुले या खळीवर दगावली.

निव्वळ पेजेचा धोका किती खोल असतो हे पुढे विसाव्या शतकात एका स्त्री डॉक्टरने दाखवून दिले. डॉ. सिसिली विल्यम्स या आजच्या घाना देशात, म्हणजे तेव्हाच्या गोल्ड कोस्ट या ब्रिटिश वसाहतीत, काम करत होत्या. मक्याच्या पेजेवर ठेवलेल्या मुलांच्या अंगाला सूज येते, केसांचा आणि कातडीचा रंग बदलतो आणि ती दगावतात, हे त्यांनी पाहिले. १९३३ मध्ये त्यांनी या विकाराचे वर्णन प्रसिद्ध केले आणि १९३५ मध्ये तेथील गा भाषेतील क्वाशिओरकोर हे नाव जगापुढे ठेवले. पाठचे भावंड आल्यामुळे आईच्या मांडीवरून उतरवलेल्या मुलाला होणारा आजार, असा त्या शब्दाचा आशय आहे. त्या आजाराची सर्व कारणे आजही पूर्णपणे उलगडलेली नाहीत. परंतु मांडीवरून उतरलेल्या मुलाला त्याच घरातील सर्वांत पातळ अन्न मिळत होते, हे त्या नावातच सांगितलेले आहे.

रश्शावरची श्रद्धा

आता रसाकडे वळू. मांसाचे सत्त्व पाण्यात उतरते आणि मागे उरतो तो चोथा, ही समजूत आपल्याकडे आहे तशी युरोपातही होती. विज्ञानाने सुरुवातीला तिला बळच दिले. १६७९ मध्ये लंडन येथे देनी पापँ या फ्रेंच संशोधकाने वाफ कोंडून हाडेसुद्धा मऊ करणारे भांडे दाखवले. आपल्या घरातील प्रेशर कुकरचा तो पूर्वज होय. हाडांतून निघणारा चिकट रस हे गरिबांचे अन्न होऊ शकेल, ही आशा त्यातून जन्मली. एकोणिसाव्या शतकाच्या प्रारंभी पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाच्या पुढाकाराने हाडांपासून काढलेल्या जिलेटिनचे कढण इस्पितळांतून आणि गोरगरिबांतून वाटले जाऊ लागले.

हे कढण खरोखर पोसते काय, याची चौकशी फ्रेंच विज्ञान अकादमीने नेमलेल्या समितीने केली. तिचे प्रमुख फ्रांस्वा माझांदी यांनी कुत्र्यांवर प्रयोग केले. केवळ जिलेटिनवर ठेवलेली कुत्री खंगत गेली. १८४१ मध्ये समितीचा अहवाल प्रसिद्ध झाला आणि हाडांचे कढण मांसाची जागा घेऊ शकत नाही, हे स्पष्ट झाले.

तरीही श्रद्धा ढळली नाही. युस्टुस फॉन लीबिख या थोर जर्मन रसायनशास्त्रज्ञाने १८४७ मध्ये मांसाचा अर्क काढण्याची रीत प्रसिद्ध केली. दक्षिण अमेरिकेत त्या काळी गुरे मुख्यतः कातड्यासाठी मारली जात आणि मांस वाया जाई. १८६५ मध्ये त्याच्या नावाने कंपनी निघाली आणि उरुग्वे देशातील फ्राय बेंतोस येथून अर्काच्या बरण्या युरोपभर जाऊ लागल्या. एक किलो अर्कासाठी सुमारे ३० किलो मांस लागे. तेव्हा ३० किलोंचे बळ एका बरणीत आले, असे लोकांना वाटणे स्वाभाविक होते. वस्तुतः त्या अर्कात मांसातील प्रथिने आणि चरबी जवळपास नव्हतीच. शरीरशास्त्रज्ञांनी हे दाखवून दिल्यावर तो अर्क पोषणाऐवजी चवीसाठी आणि तरतरीसाठी म्हणून विकला जाऊ लागला.

फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी मात्र हे आधीच ओळखले होते. परिचर्येवरील आपल्या १८५९ च्या पुस्तकात त्यांनी एक साधा उपाय सुचवला. मांसाचे कढण आटवून पाहा, खाली किती अन्न उरते ते दिसेल. जेमतेम चमचाभर! कढणाने आजाऱ्याला थोडी हुशारी येते हे त्या नाकारत नाहीत. पण त्याला जेवण समजू नका, असे बजावतात.

होल्ट यांच्या प्रश्नोत्तरीतील मांसाचा रस या परंपरेतून आला होता. थोर रसायनशास्त्रज्ञाच्या नावाचे वजन, आजारपणातला अनुभव आणि मुलाच्या नाजूक पोटाची भीती, या तिन्हींनी मिळून मुलाला मांसापासून दूर ठेवले.

ख्रिस्तसभेच्या कायद्यातही रश्शाचा एक मजेदार उल्लेख आढळतो. १९१७ च्या कॅनन कायद्यातील १२५० व्या कलमाने मांसवर्ज्याच्या दिवशी मांसाबरोबर मांसाचा रस्साही वर्ज्य केला होता. अंडी, दूधदुभते आणि प्राण्यांच्या चरबीचा मसाला चालत असे. १९६६ मध्ये सहावे पोप पॉल यांनी नियमांची नवी मांडणी केली, तेव्हा त्यांत रश्शाचे नाव राहिले नाही. कायद्याने रश्शाला मांसाच्या पंक्तीला बसवले ते संयमासाठी. त्यावरून रस्सा मांसाइतका पोसतो, असा अर्थ कोणी काढू नये. शिवाय हा नियम लहान मुलांना कधीच लागू नव्हता. १९१७ च्या कायद्यात तो सात वर्षे पूर्ण झाल्यावर लागू होई. १९८३ च्या कायद्यात ती मर्यादा चौदा वर्षांची आहे. म्हणून उपवासकाळातील शुक्रवारी घरात मांस शिजले नाही, तरी तान्ह्या मुलाला खिमा भरवणाऱ्या आईने मनात किंतु बाळगण्याचे कारण नाही.

डब्याचे आगमन

१९२१ मध्ये अमेरिकेतील रॉचेस्टर या गावी हॅरल्ड क्लॅप नावाच्या गृहस्थाची पत्नी आजारी पडली. तान्ह्या मुलासाठी त्याने गोमांस, भाज्या आणि धान्य एकत्र शिजवून गाळून घेतले. मुलाला ते मानवले, शेजाऱ्यांनी मागितले आणि त्यातून धंदा उभा राहिला. १९२७ मध्ये मिशिगन राज्यातील फ्रिमाँट येथे डोरोथी गर्बर ही माता आपल्या मुलीसाठी वाटाणे गाळून गाळून थकली. तिच्या नवऱ्याचा फळे-भाज्या डबाबंद करण्याचा कारखाना होता. हे काम तिथेच का होऊ नये, असे तिने विचारले. १९२८ मध्ये त्या कारखान्याचे पाच प्रकार बाजारात आले : वाटाणा, गाजर, पालक, सुकवलेले प्लम आणि गोमांस-भाजीचे सूप. म्हणजे मांस आणि भाजी यांचे एकत्र जेवण पहिल्या दिवसापासून डब्यात होते. औषधाच्या दुकानाऐवजी किराणा दुकानात मिळू लागल्याने ते सामान्य घरांत पोहोचले.

या डब्यांना सरसकट नावे ठेवणे अन्यायाचे होईल. जीवनसत्त्वांचा शोध नुकताच लागला होता आणि बर्फाळ हिवाळ्यात भाजी दुर्मीळ असे. होल्ट यांनी दूर ठेवलेली पालक-गाजरे आता मुलाच्या वाटीत आली. तासन्‌तास चाळणीशी उभ्या राहणाऱ्या स्त्रीला थोडी उसंत मिळाली. परंतु त्याबरोबर मुलाचे अन्न म्हणजे दुकानातले, खास, वेगळे अन्न, ही समजूत घट्ट झाली. हळूहळू ते अधिकाधिक लवकर सुरू होऊ लागले. १९५० च्या दशकात फ्लोरिडातील डॉ. वॉल्टर सॅकेट यांनी तर जन्मानंतर दुसऱ्या-तिसऱ्या दिवसापासून धान्याचे अन्न सुरू करण्याचा पुरस्कार केला! सोरेनसने चाळीस दिवसांना दोष दिला होता, हे येथे आठवावे.

आणखी एक गोष्ट घडली. डब्यातले अन्न विकत घेणारी आई असे आणि ती ते आधी स्वतः चाखून पाही. तिच्या जिभेला बेचव लागू नये म्हणून उत्पादक त्यात मीठ घालत, पुढे अजिनोमोटोही घालू लागले. मुलाच्या अन्नाची चव मोठ्यांच्या जिभेवर ठरत होती. टीका झाल्यावर १९६९ मध्ये मोठ्या अमेरिकन कंपन्यांनी अजिनोमोटो बंद केले आणि १९७० च्या दशकात मीठही काढून टाकले.

पंधरा मुले आणि चौतीस पदार्थ

डबे जोरात असतानाच एका बालरोगतज्ज्ञ स्त्रीने एक धाडसी प्रयोग केला. तिचे नाव डॉ. क्लॅरा डेव्हिस. १९२६ मध्ये क्लीव्हलंड येथे आणि पुढे शिकागो येथे तिने नुकतीच दूध सोडलेली मुले आपल्या देखरेखीखाली ठेवली. ती गरीब घरची, आयांना पोसता न येणारी मुले होती. सहा ते अकरा महिने वयाची आणि त्यापूर्वी कोणतेही घट्ट अन्न न चाखलेली. शिकागोतील पंधरा मुलांचे निष्कर्ष १९३९ मध्ये प्रसिद्ध झाले.

या मुलांपुढे चौतीस साध्या पदार्थांतून निवडलेल्या वाट्या मांडल्या जात. गोमांस, मेंढीचे मांस, काळीज, मेंदू, नळीतला मगज, मासा, अंडी, दूध, धान्ये, बटाटा, गाजर, पालक, बीट, फळे. साखर नाही, डबाबंद काही नाही, अन्नात मीठ घातलेले नाही. मिठाची वाटी वेगळी. परिचारिकेने चमचा घेऊन शांत बसायचे. मुलाने बोट दाखवले तरच भरवायचे. कौतुक नाही, आग्रह नाही. मुले विचित्र मिश्रणे खात. एखाद्या दिवशी एकाच पदार्थावर ताव मारत. पण महिन्यांचा हिशेब केला तेव्हा ती सर्व उत्तम वाढलेली दिसली. मुडदूस झालेल्या एका मुलापुढे कॉड माशाच्या तेलाचा पेला ठेवला होता. बरे होईपर्यंत ते मूल आपण होऊन तेल घेत राहिले आणि मग त्याने ते सोडून दिले.

यावरून मुलाला सर्व काही कळते, असा निष्कर्ष काढण्याचा मोह होतो. डॉ. डेव्हिस यांनी तो मोह टाळला. या प्रयोगाची खरी किल्ली पदार्थांच्या यादीत आहे, असे त्यांनी सांगितले. यादी मोठ्यांनी केली होती आणि त्या यादीत वाईट काही नव्हते. काय वाढायचे ते मोठ्यांनी ठरवायचे, किती खायचे ते मुलाने. आणि त्या यादीत मांस होते, मांसाचा केवळ रस नव्हता.

पालक आणि मांस यांची मैत्री

मांसच का, याचे उत्तर रक्तात आहे. मूल जन्मताना आईकडून लोहाचा साठा घेऊन येते. तो सुमारे सहा महिने पुरतो. आईच्या दुधाला तोड नाही, परंतु त्यात लोह थोडे असते. सहाव्या महिन्यानंतर साठा संपत येतो आणि वाढ मात्र वेगात चालू असते. या काळात लोह कमी पडले तर रक्तक्षय होतो आणि त्याची झळ वाढत्या मेंदूला लागते. ही हानी पुढे औषधाने पूर्णपणे भरून निघेलच असे नाही.

लोह भाजीतही असते. पण भाजीतले लोह शरीर फार थोड्या प्रमाणात उचलते. मांसातले लोह बरेच अधिक उचलले जाते. १९६८ मध्ये व्हेनेझुएला येथील डॉ. मिगेल लायरिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याहून महत्त्वाची गोष्ट दाखवली. मका आणि काळा घेवडा यांच्या जोडीला मांस किंवा मासे दिले, तर त्या धान्य-कडधान्यांतले लोहही अधिक शोषले जाते. १९९८ मध्ये डेन्मार्कमधील संशोधकांनी तान्ह्या मुलांनाच भाजीचा लगदा दिला, एकदा नुसता आणि एकदा बारीक केलेले मांस मिसळून. मांस मिसळल्यावर भाजीतले लोह सुमारे दीडपट शोषले गेले. म्हणजे मांस आणि भाजी एका वाटीत आली की एकाचे बळ दुसऱ्याला मिळते. भाजीवर लिंबू पिळले तरी तिच्यातले लोह अधिक शोषले जाते; शाकाहारी घरांतील मातांनी हे विशेष ध्यानात ठेवावे.

मात्र यातले थोडेच रश्शात उतरते. मांसातले बहुतेक लोह आणि प्रथिने तंतूंमध्येच राहतात. ज्याला आपण चोथा म्हणतो, तेच खरे अन्न.

आपल्याकडील परिस्थिती काय आहे? २०१९ ते २०२१ या काळात झालेल्या पाचव्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत सहा महिने ते पाच वर्षे वयाच्या भारतीय मुलांपैकी ६७.१ टक्के मुलांत रक्तक्षय आढळला. महाराष्ट्रात हे प्रमाण ६८.९ टक्के होते. सहा ते तेवीस महिने वयाच्या मुलांपैकी पुरेसा आहार मिळणारी मुले देशात अवघी ११.३ टक्के होती. रक्तक्षयाला जंत, ताप, आईची अशक्तता अशी इतर कारणेही असतात. तरीही तीनपैकी दोन मुले, हा आकडा कोणत्याही धर्मग्रामाच्या बालवाडीला स्वस्थ बसू देणारा नाही.

आपले पातेले

जागतिक आरोग्य संघटनेचा आजचा सल्ला असा : पहिले सहा महिने केवळ आईचे दूध, त्यानंतर दूध चालू ठेवून मऊ कुस्करलेले अन्न, आठव्या महिन्याच्या सुमारास हातात धरून खाता येईल असे मऊ तुकडे, आणि वर्षाचे होईतो बहुतेक मुले घरचेच अन्न खाऊ शकतात. २०२३ च्या मार्गदर्शनात मांस, मासे किंवा अंडी रोज द्यावीत असे म्हटले आहे. इंग्लंडमध्ये जिल रॅप्ली यांच्या २००८ च्या पुस्तकापासून मुलाला चमच्याने न भरवता कुटुंबाच्या टेबलावर त्याच्या हाताने खाऊ देण्याची रीत गाजली. नव्या नावाने का होईना, जग पुन्हा घरच्या पातेल्याकडे आले आहे.

आपण तर त्या पातेल्यापासून फारसे दूर गेलोच नव्हतो. गोव्यातील ख्रिस्ती घरांत कोंबडी आणि तांदूळ यांची कांजी आजाऱ्याला, बाळंतिणीला आणि मुलांना देतात. पोर्तुगीजांनी हा शब्द मलबारच्या किनाऱ्यावर उचलला आणि कांजा या रूपात तो लिस्बन व ब्राझीलपर्यंत नेला. आपल्या महाराष्ट्रात मटण शिजले की तिखट मसाला पडण्यापूर्वी मुलांसाठी अळणी काढून ठेवतात. ही रीत फार शहाणपणाची आहे. चूल एक, पातेले एक, वेळ एक. फक्त वाटी आधी काढायची. जे डब्याने शंभर वर्षांत साधले, ते आपल्या आज्या डावभर अळणीत साधत होत्या.

पण या रीतीत दोन उणिवा शिरल्या आहेत. पहिली अशी की नाव अळणी असले तरी बहुतेक घरांत त्यात मीठ पडलेले असते. दुसरी आणि मोठी उणीव म्हणजे मुलाच्या वाटीत पाणी जाते आणि तुकडे पातेल्यात राहतात. ते तुकडे पुढे कोणाच्या ताटात जातात हे सांगण्याची गरज नाही. अनेक घरांत आधी पुरुष जेवतात, मग मुले, शेवटी स्त्रिया. आणि शेवटच्या ताटात रस्साच अधिक असतो. ज्या आईच्या रक्तातून मुलाला लोह मिळायचे, तिचीही वाटी पातळ. लीबिखची बरणी आपल्या घरात कधी आली नसेल, पण त्याची समजूत मात्र आपल्याकडेही नांदते आहे.

तेव्हा रीत तीच ठेवून क्रम थोडा बदलावा. पाच माणसांच्या घरात अर्धा किलो मटण असेल तर त्यात पाव किलो लाल भोपळा किंवा दुधी आणि दोन गाजरे घालावीत. आले, लसूण, हळद आणि थोडा कांदा पुरे. मीठ घालू नये. कुकरमध्ये मांस बोटाने सुटेल इतके मऊ शिजवावे. मग सर्वांत आधी मुलाचा वाटा काढावा : मऊ तुकडे, त्यांतली हाडे आणि हाडांच्या बारीक कपच्या बोटांनी चाचपून काढलेल्या, भाजी आणि थोडा रस्सा. सहा-सात महिन्यांच्या मुलासाठी हे पाट्यावर किंवा मिक्सरमध्ये बारीक वाटून मऊ भातात कालवावे. नऊ-दहा महिन्यांच्या मुलासाठी तंतू मोकळे करून कुस्करले तरी चालते. प्रारंभी दोन-तीन चमचे पुरतात; नवव्या महिन्यापर्यंत साधारण अर्धी वाटी होते. मुलाला बसवून भरवावे, निजवून नव्हे. आणि त्याने तोंड फिरवले की थांबावे. उरलेल्या पातेल्यात मीठ, बाटली मसाला, खोबरे, जे घरच्या रीतीप्रमाणे घालायचे ते घालावे. मोठ्यांच्या जेवणाची चव तसूभरही कमी होत नाही.

मटण रोज परवडत नाही हे खरे आहे. पण मुलाला लागते ते दोन-तीन चमचे. कोंबडीची कलेजी स्वस्त असते आणि लोहाने समृद्ध असते. आठवड्यातून एकदा थोडीशी पुरे. काटे काढलेला ताजा मासा किंवा पूर्ण उकडलेले अंडे भाजीभातात कुस्करता येते. सुक्या मासळीत मात्र मीठ फार असल्याने ती इतक्या लहान मुलाला देऊ नये. ज्या मुलाला एखाद्या अन्नाने पुरळ किंवा उलटी होते, किंवा ज्याचे वजन वाढत नाही, त्याला डॉक्टरांना दाखवावे. तिथे घरगुती प्रयोग नकोत.

होल्ट यांची प्रश्नोत्तरी जुनी झाली, लीबिखच्या अर्काची ख्याती ओसरली. त्यांनी मुलांचे वाईट चिंतले नव्हते. मुलाचे पोट नाजूक आहे या काळजीपोटीच त्यांनी त्याला पातेल्यातला सर्वांत पातळ भाग दिला. आपणही तेच करत आलो, तेही प्रेमानेच. आता मात्र वाटी भरताना आपल्याला अधिक ठाऊक आहे. मटणात मीठ पडण्याआधी मुलाची वाटी काढावी आणि डाव पातेल्याच्या तळापर्यंत घालावा. तुकडे तिथे असतात.